टर्मिनलवरून गाणी वाजवणं: एमपीव्ही, सीमस, एमपीडी आणि रागसंगीताचा संग्रह

खर्ज

लिनक्सवर टर्मिनलमधून गाणी वाजवण्याबद्दल मराठीत एका जागी नीट माहिती सापडत नाही, म्हणून हा धागा. उदाहरणं मुद्दाम शास्त्रीय संगीताची घेतोय. पन्नास मिनिटांचा ख्याल, तीन मिनिटांची जुनी तबकडी, विलंबित आणि द्रुत दोन वेगळ्या फायलींत, एकच राग वीस जणांनी गायलेला: असा संग्रह नेहमीच्या चकचकीत प्लेअरमध्ये नीट बसत नाही. टर्मिनलमध्ये तो बसवता येतो, कारण तिथे सगळं अक्षरांत सांगता येतं.

लिहिण्याची पद्धत: कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या. डॅश, अवतरणचिन्हं, कंस जसेच्या तसे. राग आणि कलाकारांची नावं मात्र टॅगमध्ये (फायलीतच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत) ज्या लिपीत असतील त्याच लिपीत.

तीन प्लेअर पुरतात आणि तिघांची कामं वेगळी आहेत. एक फाइल उघडून बारकाईने ऐकायची, मागेपुढे करायची, तर एमपीव्ही. लॅपटॉपसमोर बसून संग्रह चाळायचा, तर सीमस (सी-एम-यू-एस). स्पीकरला जोडलेलं छोटं यंत्र कायम चालू ठेवून फोनवरून किंवा दुसऱ्या खोलीतून हुकूम द्यायचे, तर एमपीडी. "सगळ्यात चांगला कोणता" या प्रश्नात अडकू नका, तिन्ही एकाच संग्रहावर चालतात.

सुरुवात एमपीव्हीने करा, कारण त्याला काही मांडणी लागत नाही:

एमपीव्ही --नो-व्हिडिओ यमन.फ्लॅक

फोल्डरचं नाव दिलं तर आतल्या फायली क्रमाने वाजतात. स्पेसने थांबतं आणि सुरू होतं. डावा-उजवा बाण ५ सेकंद, वर-खाली बाण १ मिनिट, शिफ्टसह डावा-उजवा बाण १ सेकंद. ९ आणि ० या कळांनी आवाज कमी-जास्त. क्यूने बंद. शिफ्ट-क्यूने बंद केलं तर जागा लक्षात राहते आणि तीच फाइल पुन्हा उघडली की तिथूनच सुरू होते. लांब ख्यालासाठी ही एक कळ फार मोलाची आहे.

आवाजाबद्दल एक सूचना. एमपीव्हीचा आवाज १३० पर्यंत चढतो. १०० च्या वर मूळ ध्वनी वाढवला जातो आणि तारसप्तकातल्या जोरकस तानेला फाटल्यासारखा ऐकू येतो. दोष स्पीकरचा समजू नका. सेटिंगच्या फायलीत (होम फोल्डरमधली .कॉन्फिग/एमपीव्ही/एमपीव्ही.कॉन्फ) व्हॉल्यूम-मॅक्स=१०० अशी ओळ टाकून ठेवा.

तिहाई

खर्ज, चांगला धागा. एमपीव्हीचा रियाजासाठी उपयोग सविस्तर लिहिते, कारण या कामात तो खरंच उत्तम आहे.

एखादी तान पुन्हापुन्हा ऐकायची असेल तर तिच्या सुरुवातीला एल दाबा, शेवटी पुन्हा एल. तेवढाच तुकडा फिरत राहतो. तिसऱ्यांदा एल दाबलं की फेरा सुटतो. वेळ आधीच माहीत असेल तर थेट:

एमपीव्ही --नो-व्हिडिओ --एबी-लूप-ए=१२:०५ --एबी-लूप-बी=१२:२३ --स्पीड=०.७ फाइल

चालू असताना चौकोनी कंसाच्या कळांनी लय साधारण दहा टक्क्यांनी कमी-जास्त होते, बॅकस्पेसने मूळ लय. लय बदलली तरी स्वर बदलत नाही, कारण पट्टी सांभाळणारी सोय मुळातच चालू असते. ०.७ पर्यंत मींड, गमक स्वच्छ उलगडतात. ०.५ च्या खाली जाऊ नका: आवाजाचे बारीक तुकडे पुन्हापुन्हा जोडून काळ ताणला जातो, त्यामुळे तबल्याचा एक ठोका दोनदा वाजल्यासारखा येतो आणि सम कुठली ते कळेनासं होतं.

आता पट्टी. गाणारे काळी एकमध्ये आहेत आणि तुम्हाला पांढरी चारमध्ये गायचं आहे, तर मधे चार अर्धस्वर:

एमपीव्ही --नो-व्हिडिओ --एएफ=रबरबँड=पिच-स्केल=१.२५९९ फाइल

वर चढवायचे आकडे: एक अर्धस्वर १.०५९५, दोन १.१२२५, तीन १.१८९२, चार १.२५९९, पाच १.३३४८. खाली उतरवायचे: ०.९४३९, ०.८९०९, ०.८४०९, ०.७९३७, ०.७४९२. प्रत्येक पायरीला २ चं बारावं मूळ, म्हणजे १.०५९४६, याने गुणायचं किंवा भागायचं. बाकी गणित काही नाही.

तीन-चार अर्धस्वरांपुढे आवाजाचा पोत बदलतो. पुरुषगायकाचा आवाज सात अर्धस्वर चढवला तर लहान मुलासारखा होतो, त्यातून आवाजाचा लगाव शिकता येत नाही. स्वरवाक्यं आणि बंदिशीची मांडणी पाहण्यापुरता मात्र चालतो.

नवश्रोता

दोन अडचणी. --नो-व्हिडिओ न देता फाइल उघडली की अल्बमच्या चित्राची खिडकी उघडते. आणि रबरबँडची कमांड दिली तर तो फिल्टर सापडत नाही असा संदेश येतो.

खर्ज

फायलीत दडवलेलं मुखपृष्ठ एमपीव्हीला चित्रफितीसारखं दिसतं, म्हणून खिडकी. होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/एमपीव्ही/एमपीव्ही.कॉन्फ या फायलीत ऑडिओ-डिस्प्ले=नो ही ओळ टाका. मग दर वेळी --नो-व्हिडिओ लिहायला नको आणि खरे व्हिडिओही नेहमीसारखे दिसतील.

रबरबँड ही वेगळी लायब्ररी आहे. तुमच्या वितरणाने (उबुंटू, फेडोरा असा जो लिनक्सचा प्रकार असेल त्याने) एमपीव्ही तिच्याशिवाय बांधला असेल. एमपीव्ही --एएफ=हेल्प दिल्यावर यादीत नाव दिसतं का पाहा. नसेल तर सॉक्स या ध्वनिसंपादनाच्या कमांडने नवी फाइल करा: सॉक्स जुनी.फ्लॅक नवी.फ्लॅक पिच ४००. इथे आकडा सेंटमध्ये असतो, १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, उतरवायचं असेल तर उणे. सॉक्समध्ये पिच, टेम्पो आणि स्पीड हे तीन वेगळे आहेत: पिच फक्त पट्टी बदलतो, टेम्पो फक्त लय, स्पीड दोन्ही.

जवारी

त्या तिसऱ्या प्रकाराची, स्पीडची, जुन्या तबकड्यांना गरज पडते. आपण "७८ ची तबकडी" म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात वेग मिनिटाला नेमके ७८ फेरे असा ठरलेला नव्हता. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली, त्या काळातल्या तबकड्या ७८ ने फिरवून संगणकावर घेतल्या असतील तर स्वर आणि लय दोन्ही चुकीचे असू शकतात. ७४ ने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर आवाज जवळजवळ एक अर्धस्वर चढतो. दुरुस्ती ७४ भागिले ७८, म्हणजे ०.९४८७. इथे पट्टी सांभाळायची सोय बंद करायची, कारण दोन्ही एकत्र खाली आणायचे आहेत:

एमपीव्ही --स्पीड=०.९४८७ --ऑडिओ-पिच-करेक्शन=नो फाइल

वेग किती चुकला आहे हे ओळखायला पेटीवर षड्ज लावून पाहणं ही पहिली पायरी, पण तो पुरावा नाही. त्या वेळची पेटी आजच्या सुरावर लावलेली होती हे कशावरून? जास्त भरवशाची खूण म्हणजे बोलण्याचा आवाज. गौहर जान तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगत. गाण्यात चढलेला आवाज आपण सहज मान्य करतो, पण बोलणं चिरकं किंवा घाईचं वाटलं की कान लगेच सांगतो. आकडा दोन-दोन शतांशांनी खाली आणत ते बोलणं माणसासारखं कुठे होतं ते पाहा.

दुसरी गोष्ट: या तबकड्या मोनो असतात, पण संगणकावर घेताना बरेच जण स्टिरिओत घेतात. खाच आडवी हलते म्हणून गाणं दोन्ही बाजूंना सारखंच असतं. खाचेच्या तळाची उभी खरखर मात्र दोन बाजूंना उलट असते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की गाणं टिकतं आणि ती खरखर बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते:

एमपीव्ही --ऑडिओ-चॅनल्स=मोनो फाइल

असं केल्यावर आवाज पोकळ झाला तर दोन बाजूंत थोडा वेळेचा फरक पडला आहे असं समजा. मग मिसळू नका, खाचेची जी भिंत कमी झिजली आहे ती एकच बाजू घ्या. डावी हवी तर --एएफ='लावफाय=[पॅन=मोनो|सी०=सी०]', उजवी हवी तर शेवटचा सी० बदलून सी१. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर उभ्या रेघेला शेल पाइप समजतं आणि भलतीच चूक दाखवतं.

मूळ फाइल कधीही बदलू नका. दुरुस्तीचा आकडा टॅगच्या टिप्पणीत लिहून ठेवा.

मध्यलय

सीमसबद्दल थोडक्यात. उघडल्यावर :ॲड आणि पुढे संग्रहाचा मार्ग. १ ते ७ या कळांनी दालनं बदलतात: १ कलाकार आणि अल्बमचं झाड, २ सरळ यादी, ३ प्लेलिस्ट, ४ रांग, ५ फायली, ६ गाळण्या, ७ सेटिंग. टॅबने झाडातून गाण्यांच्या बाजूला जाता येतं. एक्सने वाजवा, सीने थांबवा, बीने पुढचं, झेडने मागचं. ईने गाणं रांगेत जातं. आयने सध्या वाजणाऱ्या गाण्यापाशी पोचता.

नव्या माणसाला सीमसमध्ये हमखास छळणारी गोष्ट: एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं की नाही हे शिफ्ट-सीने ठरतं, आणि ती कळ चुकून दाबली जाते. खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात सी अक्षर दिसतंय का ते आधी बघा.

टॅग बदलल्यावर सीमस जुनीच नावं दाखवतो, कारण त्याच्याकडे साठवलेली प्रत असते. :अपडेट-कॅश द्या. तरीही बदललं नाही, तर तुमचा टॅग-संपादक फायलीची तारीख जुनीच ठेवतो आहे. मग :अपडेट-कॅश -एफ.

देवनागरी टॅग असतील तर स्तंभ वाकडे दिसू शकतात. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, आणि काना-मात्रा-जोडाक्षरांचा हिशोब प्लेअर एक करतो, टर्मिनल दुसरा. अलॅक्रिटी हे टर्मिनल जोडाक्षरं जुळवत नाही, त्यात "क्त" पाय मोडून सुटा दिसेल. किटी किंवा कॉन्सोल वापरून पाहा. एमपीडीसाठी एनसीएमपीसीपीपी (यादी दाखवून एमपीडीला हुकूम देणारा) वापरत असाल तर प्लेलिस्ट_डिस्प्ले_मोड "क्लासिक" ठेवा, स्तंभच नसले की वाकडं व्हायला काही उरत नाही.

नोंदवही

आता टॅग. माझ्या मते सगळं इथे ठरतं. प्लेअर एका दुपारी बदलता येतो, टॅगांचं काम महिनोन्महिने चालतं, म्हणून पद्धत आधी ठरवा.

राग कुठे लिहायचा? बरेच जण गाण्याच्या नावातच लिहितात: "राग यमन, विलंबित एकताल". वाचायला छान, शोधायला वाईट. एमपीडीला ठरावीक टॅगच कळतात, "राग" नावाचा स्वतःचा टॅग केलात तर तो दुर्लक्षित करतो. म्हणून त्याला कळणाऱ्या टॅगांत जागा शोधायची. चांगली बसणारी वाटणी अशी: ग्रुपिंगमध्ये राग, जॉनरमध्ये प्रकार (ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग), परफॉर्मरमध्ये साथीदार, प्रत्येक साथीदार वेगळ्या नोंदीत. टायटलमध्ये बंदिशीचे पहिले शब्द. ताल टिप्पणीत. फ्लॅक फायलींचे टॅग मेटाफ्लॅक या कमांडने लागतात:

मेटाफ्लॅक --रिमूव्ह-टॅग=ग्रुपिंग --सेट-टॅग="ग्रुपिंग=यमन" *.फ्लॅक

आधी रिमूव्ह का? सेट-टॅग जुना टॅग पुसत नाही, शेजारी दुसरा लावतो. फ्लॅकमध्ये एकाच नावाचे कितीही टॅग चालतात. हे रागमालिकेला सोयीचं आहे: तिथे मुद्दाम चार ग्रुपिंग लावा, एमपीडी चारही रागांखाली ती फाइल दाखवतो.

टिप्पणीचा टॅग एमपीडी आपणहून वाचत नाही. सेटिंगमध्ये मेटाडेटा_टू_यूझ "+कॉमेंट" लिहावं लागतं.

वर्तनी एकदा ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. मालकंस की मालकौंस, भीमपलास की भीमपलासी, तोडी की टोडी, मारूबिहाग जोडून की तोडून. कलाकारांचंही तेच: "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेन जोशी" आणि "भीमसेन जोशी" हे यंत्राच्या लेखी तीन गायक आहेत. एमपीसी ही एमपीडीला हुकूम देणारी कमांड. एमपीसी लिस्ट आर्टिस्ट आणि एमपीसी लिस्ट ग्रुपिंग या दोन कमांड महिन्यातून एकदा चालवा, एकाच नावाची जुळी भावंडं एकाखाली एक दिसतात. ज्यांना राग लावायचा राहिला त्यांच्यासाठी:

एमपीसी फाइंड '(ग्रुपिंग == "")'

फाइंड तंतोतंत जुळणी करतो, म्हणून यमन मागितल्यावर यमन कल्याण येत नाही. तो हवा असेल तर सर्च वापरा, तो शब्दाचा भाग जुळला तरी आणतो.

नवश्रोता

@नोंदवही, या पद्धतीने टॅग लावले. एक कोडं आहे. "तिसऱ्या दिवसाची मैफल" नावाचा अल्बम यादीत दिसतो, पण तेच नाव टाइप करून शोधलं तर एकही फाइल येत नाही. अक्षरं डोळ्याला अगदी सारखी आहेत.

नोंदवही

डोळ्याला सारखी, आत वेगळी. दोष "ऱ्या"मध्ये आहे.

हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. पहिला प्रकार: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग या. दुसरा: साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग या. काही मराठी टंकनसोयी पहिला प्रकार देतात, काही दुसरा. पडद्यावर दोन्हींत तीच आडवी रेघ दिसते. यंत्र अक्षरांचे क्रमांक जुळवतं, म्हणून त्याला हे दोन वेगळे शब्द आहेत. टॅग लावताना एक कीबोर्ड आणि शोधताना फोनवरचा दुसरा, की झालं.

ओळखायचं कसं: शंका असलेला शब्द प्रिंटएफ '%एस' "तिसऱ्या" | एक्सएक्सडी असा बघा. यंत्र इथे सोळांश आकडे (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांचे) दाखवतं. ई२ ८० ८डी या तीन जोड्या ओळीने दिसल्या तर आत न दिसणारं जोडचिन्ह आहे. ते नसेल आणि ई० ए४ बी१ असेल तर स्वतंत्र ऱ. कुठलाही एक प्रकार धरा आणि बाकीचे सगळे टॅग त्यात बदला. स्वतंत्र ऱ धरा असं सुचवेन, त्यात न दिसणारं काही राहत नाही.

तिसरा प्रकारही आहे: र आणि त्याखाली सुटा नुक्ता. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या फायलींच्या नावांत हा सापडतो, कारण ती फाइल-प्रणाली अक्षरं फोडून साठवत असे. त्यावर कन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर फोल्डर. ही कमांड आधी काय बदलणार ते फक्त दाखवते. यादी बरोबर वाटली तर --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवा. जोडचिन्हाचा घोळ मात्र याने सुटत नाही, आणि ती कमांड फायलींची नावं बदलते, आतले टॅग नाही.

तिहाई

हे तर फक्त गाण्यांपुरतं नाही, सगळ्याच मराठी शोधाला लागू आहे. जपून ठेवते.

लिनक्सवारी

एमपीडीची मांडणी लिहितो. एमपीडी हा पडद्यामागे चालणारा सेवक. तो दिसत नाही, ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर हुकुमांची वाट बघतो. एमपीसी, एनसीएमपीसीपीपी, फोनवरचं मॅल्प, हे सगळे त्याला हुकूम देणारे. फोन बंद केला, टर्मिनल मिटलं, तरी गाणं चालू राहतं.

होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/एमपीडी/एमपीडी.कॉन्फ मध्ये एवढं पुरतं: म्युझिक_डायरेक्टरी, प्लेलिस्ट_डायरेक्टरी, डीबी_फाइल, स्टेट_फाइल, रिस्टोअर_पॉज्ड "येस" आणि एक ऑडिओ_आउटपुट. रिस्टोअर_पॉज्ड नसेल तर वीज जाऊन परत आल्यावर पहाटे तीन वाजता गाणं आपोआप सुरू होऊ शकतं.

"एमपीसी अपडेट दिलं पण संग्रह रिकामा" हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. वितरणाने दिलेली सेवा एमपीडी नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि तुमचं होम फोल्डर त्याला बंद असतं. फायलींना सगळ्यांसाठी वाचायची परवानगी देऊनही भागत नाही, वरच्या प्रत्येक फोल्डरात शिरायची परवानगी लागते. ते करत बसण्यापेक्षा सेवा आपल्या नावाने चालवा:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ एमपीडी.सर्व्हिस एमपीडी.सॉकेट
सिस्टमसीटीएल --युझर इनेबल --नाऊ एमपीडी

सॉकेट बंद करायला विसरलात तर पोर्ट अडलेलाच राहतो आणि "पत्ता आधीच वापरात आहे" अशी चूक येते. ज्या यंत्रावर कुणी लॉगिन करून बसत नाही तिथे आणखी एक: लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर. नाहीतर तुम्ही दुरून जोडणी तोडली की गाणं थांबतं.

गाणी बाहेरच्या डिस्कवर असतील तर ऑटो_अपडेट बंद ठेवा. डिस्क जोडलेली नसताना अपडेट झालं तर एमपीडी सगळी गाणी गेली असं समजून सूची पुसतो. फायली सुखरूप असतात, पण वीस हजार फायली पुन्हा वाचायला छोट्या यंत्राला बराच वेळ लागतो. आणि टॅग बदलूनही अपडेटने फरक पडला नाही, तर एमपीसी रीस्कॅन. अपडेट फक्त तारीख बदललेल्या फायली वाचतो, रीस्कॅन सगळ्या.

जवारी

आउटपुटबद्दल भर घालतो. सीडीवरून घेतलेल्या फायलींत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि पाइपवायर (लिनक्समधला आवाज पोचवणारा मधला थर) मुळात ४८,००० वर चालतो, म्हणजे प्रत्येक नमुना नव्याने मोजला जातो. ते रूपांतर चांगलं असतं, पण टाळता येतं. होमच्या .कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर.कॉन्फ.डी मध्ये .कॉन्फवर संपणारी छोटी फाइल करून कॉन्टेक्स्ट.प्रॉपर्टीज या गटात डीफॉल्ट.क्लॉक.अलाउड-रेट्स = [ ४४१०० ४८००० ९६००० ] लिहा आणि पाइपवायर पुन्हा सुरू करा. पीडब्ल्यू-टॉपमध्ये चालू दर दिसतो. दुसरं काही वाजत असेल तर दर बदलत नाही, ब्राउझरमधला व्हिडिओ आधी बंद करा.

फक्त गाण्यासाठी ठेवलेल्या यंत्रावर मधला थरच नको असेल तर ऑडिओ_आउटपुटमध्ये टाइप "अल्सा" आणि डिव्हाइस थेट यंत्राचा. कार्डचा क्रमांक लिहू नका, यूएसबी डॅक (आकड्यांचा आवाज करणारं बाहेरचं यंत्र) पुन्हा जोडल्यावर १ चा २ होतो आणि आवाज गायब. एप्ले -मोठा एल दिल्यावर नावांची यादी येते, त्यातलं एचडब्ल्यू:कार्ड=... असं नाव घ्या. "उपकरण व्यग्र आहे" आलं तर पाइपवायर त्या कार्डावर बसलेला आहे.

मध्यलय

रीप्लेगेनचं कुणी लिहिलं नाही. सीडी जोरात, जुनी तबकडी हळू, दर गाण्याला आवाजाची कळ फिरवायची, यावर तो उपाय आहे. फाइल बदलत नाही, किती डेसिबल कमी-जास्त वाजवायचं एवढंच टॅगमध्ये लिहिलं जातं. फ्लॅकसाठी एका अल्बमच्या फोल्डरात जाऊन:

मेटाफ्लॅक --ॲड-रीप्ले-गेन *.फ्लॅक

सगळ्या फायलींचा नमुनादर सारखा हवा, नाहीतर नकार मिळतो. एमपी३ आणि मिश्र संग्रहासाठी आरएसगेन ईझी आणि पुढे मुख्य फोल्डर, तो प्रत्येक फोल्डरला एक अल्बम धरतो.

मैफल ऐकताना अल्बम पद्धत ठेवा. ट्रॅक पद्धतीत आलापाची वेगळी फाइल द्रुताइतकी जोरात होते आणि गायकाने राखलेला चढउतार मोडतो. वेगवेगळ्या काळातली गाणी मिसळून ऐकताना ट्रॅक पद्धत. एमपीडीत रीप्लेगेन "ऑटो" लिहिलं तर क्रमाने वाजवताना अल्बम आणि रँडम चालू केल्यावर ट्रॅक, असं तोच ठरवतो. आणि एमपीसी क्रॉसफेड ० द्या. विलंबिताची शेवटची सम पुढच्या मुखड्यावर चढली तर दोन्ही वाया.

नवश्रोता

विलंबित आणि द्रुत दोन्ही एकाच ५८ मिनिटांच्या फायलीत आहेत. न कापता थेट द्रुतावर जाता येईल का?

खर्ज

क्यू-शीट लिहा. साधी मजकुराची फाइल, गाण्याशेजारी ठेवायची:

फाइल "मैफल.फ्लॅक" वेव्ह
ट्रॅक ०१ ऑडिओ
टायटल "विलंबित"
इंडेक्स ०१ ००:००:००
ट्रॅक ०२ ऑडिओ
टायटल "द्रुत"
इंडेक्स ०१ ४१:२०:००

फाइल फ्लॅक असली तरी पहिल्या ओळीत वेव्हच लिहायचं. ठरलेले शब्द (फाइल, वेव्ह, ट्रॅक, ऑडिओ, टायटल, इंडेक्स) रोमन मोठ्या अक्षरांत, अवतरणातली नावं हवी त्या लिपीत. वेळेतला तिसरा आकडा सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग आहे, ०० ते ७४, शतांश नाही. ही .क्यू (सी-यू-ई) फाइल एमपीव्हीने उघडली की पेज-अपने पुढचा भाग, पेज-डाउनने मागचा. एमपीडीत एमपीसी लोड आणि क्यू-फायलीचा मार्ग.

तिहाई

नोंदवहीच्या ग्रुपिंगवरून एक विचारते. रागसमयाप्रमाणे आपोआप वाजवता येईल ना? सकाळी भैरव, दुपारी भीमपलास, रात्री बागेश्री?

लिनक्सवारी

येईल. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनची यादी क्रॉनटॅब -ई ने उघडून:

लँग=सी.यूटीएफ-८
० ६ * * * एमपीसी -क्यू क्लिअर && एमपीसी -क्यू व्हॉल्यूम ३५ && एमपीसी -क्यू फाइंडॲड ग्रुपिंग भैरव && एमपीसी -क्यू शफल && एमपीसी -क्यू प्ले

सुरुवातीचं ० ६ म्हणजे सकाळी सहा. दुपार आणि रात्रीसाठी अशाच ओळी, तास आणि राग बदलून. पहिली ओळ सोडू नका. क्रॉन जवळजवळ रिकाम्या वातावरणात कमांड चालवतो, भाषेची सेटिंग तिथे नसते, मग "भैरव" हा देवनागरी शब्द एमपीडीपर्यंत धड पोचत नाही. हातानं दिली तर चालते आणि क्रॉनमध्ये नाही, याचं कारण बहुतेक हेच.

तिहाई

केलं. सहाची ओळ चालते, पण व्हॉल्यूमपाशी अडते. ती काढली तर पुढचं सगळं वाजतं.

लिनक्सवारी

ऑडिओ_आउटपुटमध्ये मिक्सर_टाइप "नन" असेल. तेव्हा एमपीडीच्या हातात आवाजाची कळच नसते, व्हॉल्यूमची कमांड चूक देते, आणि && मुळे पुढचं काहीच चालत नाही. कार्डाला स्वतःची कळ असेल तर "हार्डवेअर", नसेल तर "सॉफ्टवेअर" लिहा, एमपीडी पुन्हा सुरू करा आणि एमपीसी व्हॉल्यूम नुसतं देऊन आकडा येतो का ते पाहा.